कापसाच्या खोलीतले अनवाणी पाय

अर्धी तूर झोडपून झाली होती आणि अर्धी अंगणात तशीच पसरलेली होती, तेव्हा आल्हादने हात करून पंचफुलाला थांबवलं. कानाला हेडफोन, हातात काठीला बांधलेला माइक, आणि तोंडावर खजिना सापडल्यासारखा आनंद.

"मावशी, अजून एकदा मारा. जोरात. मला हाच आवाज पाहिजे."

पंचफुलाने पदर खोचला आणि पेंढ्यांवर काठी हाणली. शेंगा फुटल्या, दाणे ओट्यापर्यंत उडाले.

"कायले पाहिजे हा आवाज?" तिने विचारलं.

"आमच्या फिल्ममध्ये एका बाईला मारतात. मारताना दाखवायचं नाही, फक्त ऐकवायचं."

ती काठीवर रेलून हसली. "मंग हा नाही चालत भाऊ. हा तं सुका आवाज हाय. मानसाच्या अंगावर असा वाजत नाही."

"मग कसा वाजतो?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. धुण्याच्या दगडापाशी ओलं पोतं पडलं होतं. तिने ते आणलं, चार घड्या करून भिंतीशी ठेवलं आणि त्यावर काठी मारली. ढप्प. घडी जरा सैल केली, पुन्हा मारली. "हा पाठीवरचा. अन् हा मांडीवरचा. डोक्यावरचा येगळा असते, थो इथी नाही निघत."

आल्हाद खुश. माझी मुलगी गार्गी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, ती मात्र हसली नाही. मी ओट्यावर जप करत होते. मणी पुढे सरकेना.

पंचफुला आमच्याकडे भांडी-झाडलोट करते त्याला येत्या पाडव्याला बारा वर्षं होतील. वडनेर भोलजीत तिला लोक ओळखतात ते कापूस वेचण्यामुळे. दोन्ही हातांनी वेचते. दिवसाला पन्नास किलोच्या खाली कधी आली नाही. बायका म्हणतात, हिच्या बोटांना डोळे आहेत. त्यातलं एक बोट, उजव्या हाताची करंगळी, वाकडं आहे. पुढचा एक दात नाही, म्हणून हसताना तोंडावर पदर. डाव्या दंडावर इस्त्रीच्या टोकाएवढा डाग. कशाबद्दलही विचारा, उत्तर एकच: "पडली मी." मोरीत पडली. पायरीवरून पडली. बैलाने ढुसणी दिली म्हणून पडली. आमच्या गावात तिच्याइतकं कोणी पडलं नसेल. इस्त्रीवर माणूस कसा पडतो, हे मी तिला कधी विचारलं नाही.

तिचा नवरा गोकुळ दुसरबीडला एकाकडे ट्रॅक्टर चालवतो आणि पंधरा दिवसांनी गावी येतो. ज्या शनिवारी तो येतो, त्या रविवारी पंचफुला उशिरा येते. मी तेल-हळद गरम करून ठेवत असे. एकदा मी तिला सोळा सोमवार धरायला सांगितले, नवऱ्याचा राग शांत व्हावा म्हणून. तिने कडक धरले, एकही मोडला नाही. उद्यापनाच्या दिवशी तिचा दात गेला. त्या दिवशीच्या माझ्या वहीत नोंद आहे: पंचफुला पडली, दात गेला. मीही तसंच लिहिलं.

तिला एक मुलगी, काजल. सोळा वर्षांची, दहावीला. सासू गोजरबाई, नात आणि सून अशा तिघी एका घरात राहतात.

गार्गी अमरावतीला कॉलेजात शिकते. जानेवारीत ती आणि तिचा वर्गमित्र आल्हाद आमच्याकडे आले ते थ्रिलर सिनेमाची सुरुवात तयार करायला. पूर्ण सिनेमा नाही, पहिली दोन मिनिटं. त्यावर मार्क. सरांनी दिलेला नियमांचा कागद गार्गीने देवघराशेजारी चिकटवला. मी तो काढायला लावला, तर तिने स्वयंपाकघरात लावला. पोळ्या लाटता लाटता मला तो पाठ झाला. खुन्याचा चेहरा सुरुवातीला दाखवायचा नाही. पाय, हात, सावली एवढंच. वार दिसू द्यायचा नाही, ऐकू द्यायचा. उजेड एकाच बाजूने. पावलं सावकाश. बाई एकटी. आणि काहीतरी वाईट होणार आहे हे पाहणाऱ्याला आधी कळलं पाहिजे, बाईला सगळ्यात शेवटी.

बाईचं काम करणारी मैत्रीण ऐनवेळी आली नाही. ओल्या पोत्याच्या आवाजानंतर आल्हाद पंचफुलाच्या मागेच लागला. "मावशी, तुम्हीच करा."

"माय व! मले मारून टाकसान तं भांडे कोन घासन?"

"गार्गी घासेल."

"मंग मी रोज मरते," ती म्हणाली, आणि पदर तोंडावर घेऊन इतकी हसली की तिला ठसका लागला.

शूटिंगला त्यांनी आमची कापसाची खोली निवडली. चांगल्या भावाची वाट पाहत यंदाचा सगळा कापूस आम्ही तिथे रचून ठेवलेला, जवळजवळ आढ्यापर्यंत. खोलीला एक दार घरातून आणि एक मागच्या गल्लीत उघडणारं, गाडी खाली करायला. आल्हादने आत जाऊन टाळी वाजवली. टाळी तिथल्या तिथे विरली.

"काकू, असं स्टुडिओतही मिळत नाही," तो मला म्हणाला. "कापूस सगळा आवाज पितो."

खुन्यासाठी त्याने मोठे काळे बूट आणले होते. ते घालून तो आत निघाला तशी मी दारात आडवी झाले.

"बूट बाहेर."

"काकू, खुन्याचे बूट आहेत हे. थ्रिलर म्हटलं की बूट पाहिजेतच. आधी बूट दिसतात, मग—"

"खुनी असो की पाटील असो, कापसात पायताण घालून कोणी जात नाही. लक्ष्मी आहे ती."

गार्गीने कपाळाला हात लावला. "आई, सिनेमा आहे हा!"

पंचफुलाने माझी बाजू घेतली, पण तिचं कारण वेगळं होतं. "काकू बराबर सांगून राह्यल्या भाऊ. बूट वाजते. वाजला का बाई हुशार होते. मारनारा चपला बाहेर काढते. मंग सदरा काढून खुंटीले लटकवते, सदरा खराब होऊ नये म्हनून. त्याले घाई नसते."

आल्हादने खिशातून वही काढली आणि हे लिहून घेतलं.

खुनी अनवाणी ठरला. आल्हादने मोजे काढले, तर पंचफुला त्याचे गोरे पाय पाहून म्हणाली, "हे खुन्याचे पाय हायत का बाप्पा? हे तं लोन्याचे पाय. मांजर चाटून जाईन." मग तिनेच चुलीतली राख आणि माती कालवून त्याच्या घोट्यापर्यंत माखली. रक्तासाठी त्यांना कुंकू हवं होतं, ते मी दिलं नाही. बीट उकळून त्यात गुळाचा पाक घातला. ते पाहूनही ती म्हणाली, "इतकं लाल नाही राहत. पहिले असं दिसते, मंग घडीभरात काथावानी काळं पडते अन् लुगड्याले चिकटते. ओढून काढा लागते."

तालमी दोन दिवस चालल्या. केस धरून ओढायचा प्रसंग होता. गार्गी घाबरत घाबरत धरायची. "घट्ट धर ताई, सैल धरलं तं खोटं वाटते. मागून नाही, इथून, कानापासून. इथून धरलं का मानूस उभा राहूच शकत नाही." आल्हाद मागून अचानक "रेडी!" म्हणाला तेव्हा तिचा डावा हात आपोआप डोक्यावर गेला, कोपर पुढे, मान आत. "हेच मावशी, हेच पाहिजे," आल्हाद ओरडला. "असंच करा कॅमेऱ्यासमोर." तिने केलं. चारदा केलं.

आल्हादने एकदा तिला तो शेवटचा नियम समजावून सांगितला, की पाहणाऱ्याला आधी कळतं आणि बाईला नंतर. ती भांडी विसळत होती.

"हे उलटं हाय," ती म्हणाली. "बाईले पहिलेच कळते. गल्लीत पाय वाजला का कळते, आज काय होनार हाय थे. नाही कळत थे पाहनाऱ्याईले."

मी तव्यावरची पोळी उलटली.

ते दोन दिवस ती फार आनंदात होती, हेही सांगितलं पाहिजे. अंगावर काय काय होतं, कसं होतं, मग पुढे काय, हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी विचारत होतं, आणि ती दुसऱ्याच कोणा बाईचं सांगावं तसं हसत सांगत होती. गावात बातमी पसरली. पिठाच्या गिरणीवर एक बाई म्हणाली, "कावं हिरोईन, आता आमाले ओळख देशीन का?" पंचफुलाने उत्तर दिलं, "फोटो काढाचा असंन तं लाईनीत ये." शुक्रवारपर्यंत ही बातमी दुसरबीडला पोचली होती. सुधाकर मास्तरांच्या कापसात तुझी बायको पोरांबरोबर शिनेमा करून राह्यली, असं कोणीतरी गोकुळला फोनवर सांगितलं. हे आम्हाला नंतर कळलं.

शनिवारी दुपारी दीडच्या सुमारास शेवटचा भाग घेतला. माझे मिस्टर शाळेच्या मीटिंगला गेले होते. खिडकीवर दोन घोंगड्या ठोकून आल्हादने भरदुपारी अंधार केला होता. खुनी मागच्या दाराने आत येणार, म्हणून त्या दाराचा अडसर काढून भिंतीला उभा केलेला. लग्न होऊन या घरात आल्यापासून तो अडसर मी रोज स्वतः लावत आले आहे. त्या दिवशी काढूही मीच दिला. मोबाइल रचलेल्या विटांवर, गुडघ्याच्या उंचीला, म्हणजे येणाऱ्याचे पाय दिसावेत आणि वरचं काही दिसू नये. ओलं पोतं आतच होतं, काठीवरचा माइकही; त्याची वायर घरातल्या दाराखालून बाहेर घेतलेली.

प्रसंग झाला. आल्हाद म्हणाला, "आता फक्त खोलीची शांतता घ्यायची. दोन मिनिटं. मावशी, तुम्ही आहात तिथेच बसून राहा, हलू नका. आम्ही सगळे बाहेर जातो."

"शांतता कायले घेता? थे तं फुकट भेटते," पंचफुला म्हणाली.

"प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते मावशी. ती खाली अंथरली की बाकीचे आवाज खरे वाटतात."

आम्ही तिघं घरातल्या दाराने बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. बोळीत उभे राहिलो. आल्हादच्या कानाला हेडफोन, ओठावर बोट. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

थोड्या वेळाने आल्हादच्या भुवया वर गेल्या. त्याने कुजबुजत सांगितलं, "मावशी स्वतःहूनच करताहेत काहीतरी. पुटपुटताहेत, आणि पोत्याचा आवाज. भारी येतोय."

गार्गी कुजबुजली, "थांबव ना, शांतता घ्यायची आहे."

"नको, चालू दे. इतका चांगला आधी आलाच नव्हता."

दारातून आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. कापूस भिंतीसारखा उभा होता. आम्ही तोंडं बंद ठेवून, एकमेकांकडे बघत, उभे होतो. आल्हाद मान हलवून फटके मोजत होता, एखाद्या गाण्याचा ठेका धरावा तसा. मग त्याची मान थांबली.

"पोत्याचा नाहीये हा," तो म्हणाला. "असा आवाज पोत्यावर... काकू, तो डोक्याचा—"

मी दार ढकललं. दार उघडेना. आतून काहीतरी जड त्याला लागलं होतं. आम्ही तिघांनी खांदे लावले. दार बोटभर, मग वीतभर सरकलं, आणि त्या फटीतून पंचफुलाची वेणी दिसली. ती दाराशी येऊन पडली होती. घरात यायला निघाली होती.

मागचं दार उघडं होतं आणि गल्लीतलं ऊन आत पट्ट्यासारखं पडलं होतं. आत दुसरं कोणी नव्हतं. अडसर कापसावर टाकलेला. पंचफुलाचा डावा हात, जिथे हाताला सांधा नसतो तिथे, दुमडलेला होता. कानामागे कातडी फाटून केसांसकट लोंबत होती. तोंड उघडं, त्यात रक्ताचे बुडबुडे. कापूस रक्त फार लवकर पितो, तिच्या भोवतीचा पांढरा ढीग बघता बघता लाल होत चालला होता, आणि ती शुद्धीवर होती, आणि माझा पदर धरून म्हणत होती, "पडली मी काकू. पडली म्हनते ना."

गार्गीने तिचं डोकं मांडीवर घेतलं. आल्हाद भिंतीशी बसून ओकत होता. मी रामनाम घ्यायला तोंड उघडलं, ते आलं नाही. ओरडले तेवढी.

शेजाऱ्यांच्या गाडीतून तिला मलकापूरला दवाखान्यात नेलं. डोक्याला चौदा टाके, हाताची दोन्ही हाडं मोडलेली, तीन बरगड्यांना चीर. चार वाजता एक पोलीस बाई आल्या. तरुण होत्या, पण घाई नव्हती त्यांना. आल्हादने मोबाइल पुढे केला.

ते चित्रण आम्ही सगळ्यांनी त्या खाटेशेजारी उभं राहून पाहिलं. कापसाचा ढीग. शांत बसलेली पंचफुला, नाकापासून खाली. मागचं दार उघडतं, उन्हाचा पट्टा पडतो. पंचफुला मागे बघत नाही, पण तिचा हात हळूच डोक्यावर जातो. पाहणाऱ्याला काही दिसायच्या आधी. मग उंबऱ्याबाहेर दोन पाय येऊन थांबतात, एक चप्पल काढतात, दुसरी काढतात. अनवाणी पाय कापसाशेजारून पुढे येतात. पडद्याच्या वरच्या कडेला सदरा काढल्याची हालचाल. अडसराचं खालचं टोक उचललं जातं. पुढचं मी लिहीत नाही. पायांच्या मालकाचा एक शब्द ऐकू येत नाही. बोलते ती एकटी पंचफुला: "पडली मी म्हनीन. कोनाले नाही सांगत. पडली म्हनीन." मग ती पाहणाऱ्याच्या दिशेने, म्हणजे आमच्या दाराकडे, सरपटत येते आणि पडद्याच्या बाहेर जाते, आणि पायही तिच्या मागे बाहेर जातात, आणि फक्त आवाज राहतो. शेवटी पाय परत येतात, उंबऱ्याबाहेर एकेक चप्पल घालतात, निघून जातात. दार त्यांनी बंदही केलं नाही.

पोलीस बाईंनी वेळ पाहिली. "पहिल्या फटक्यापासून दार हलेपर्यंत एक मिनिट बारा सेकंद. तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

"दाराबाहेर," गार्गी म्हणाली.

"काय करत होतात?"

"शांत उभे होतो."

बाईंनी तेही लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "चेहरा कुठेच नाही यात. असं कसं लावलं तुम्ही?"

"चेहरा दाखवायचा नसतो," आल्हाद म्हणाला आणि रडायला लागला.

"मारणाऱ्याला कोणी पाहिलं? कोणीच नाही. मग यांनीच सांगितलं पाहिजे." त्या खाटेवर वाकल्या. "ताई, कोण होतं?"

पंचफुलाने डोळे मिटले. "पडली मी."

"ताई, मी पाहिलंय आता. कोण होतं?"

मी सांगायला पुढे झाले. कोण होतं ते मला माहीत होतं, बारा वर्षं माहीत होतं. पण बाईंनी मला हाताने थांबवलं. "तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. तुमचं नाही चालणार, यांच्या तोंडून पाहिजे."

तेवढ्यात गोजरबाई आली. डोक्यावरून पदर, हातात केळ्यांची पिशवी. पोलीस पाहून तिने आधी पिशवी खाटेखाली ठेवली, मग सुनेच्या पायावर हात ठेवला.

"काय झालं व माय? कापसावरून घसरली म्हनते?" मग बाईंकडे वळून, विचारलं नसताना, म्हणाली, "माहा पोरगा तं आठ दिवसांपासून दुसरबीडले हाय. गावात आलाच नाही थो. फोन केला तं तिकूनच रडून राह्यला बिचारा." आणि पुन्हा सुनेकडे, गोड आवाजात: "तू काळजी नोको करू. काजलले फाट्यावर उभी करून आली, पाचच्या गाडीनं त्याच्यापाशी जाते थे. तू अशी पडली, तं पोरीले कोन पाहन? तिकडे एक स्थळई पाहून ठेवलं हाय त्यानं. वावर हाय, बोअर हाय."

पंचफुलाचे डोळे उघडले. "तिची परीक्षा हाय."

"परीक्षा दिऊन काय कलेक्टर होनार हाय का? तू हिरोईन झाली तेवढं बस झालं."

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजायला आले होते. वडनेर फाट्यावर पाचची गाडी कधी पावणेपाचलाच येते, हे पंचफुलाला माहीत होतं, मलाही.

"बाई," पंचफुला पोलीस बाईंना म्हणाली, "इकडे या."

"बोला. कोणी मारलं? नाव सांगा."

गोजरबाईने तिचा पाय दाबला. आमच्याकडे बाईमाणूस नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात, पूजेला घेतलं तर उखाण्यात, यमक जुळवून, लाजून. एरवी नाही. लग्नाच्या एकोणीस वर्षांत पंचफुलाने कधी घेतलं नव्हतं; रेशनच्या दुकानात नाव विचारलं तर ती काजलला पुढे करायची. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, अशी समजूत. ती मीही मानते. माझ्या मिस्टरांचं सुधाकर हे नाव मी इथे लिहिते, तोंडाने अजून घेत नाही.

"पंचफुले," गोजरबाई दात आवळून म्हणाली, "नाव घेशीन तं त्याचं आयुष्य कमी होते. कुकवाचा तरी विचार कर."

"होऊ द्या कमी," पंचफुला म्हणाली.

आणि तिने नाव घेतलं. गोकुळ. मग बापाच्या नावासकट, गोकुळ शेषराव. मग आडनाव. फुटलेल्या ओठांतून नीट निघालं नाही म्हणून पुन्हा घेतलं. बाई लिहीत होत्या तोवर ती बोलतच राहिली: गोकुळने मारलं. करंगळी गोकुळने मोडली, दारात घालून. दात गोकुळने पाडला, नारळ फोडायच्या दगडानं. इस्त्री गोकुळने लावली. आज जाताना कानाशी वाकून म्हणाला, आता पोरीचा नंबर. सांगता सांगता बरगड्यांमुळे तिला दम लागे, ती थांबे, आणि पुन्हा सुरुवात नावापासूनच करी. गोजरबाई आधी शिव्या देत होती. मग ती खाली बसली आणि तिने दोन्ही कानांवर हात ठेवले.

बाई बाहेर जाऊन फोनवर बोलल्या. पाच वाजून दहा मिनिटांनी फोन परत आला. काजल फाट्यावर सापडली, हातात कपड्यांची पिशवी, गाडीत पाय ठेवताना. तिचा बाप दुसरबीडला नव्हताच, तिला न्यायला पुढच्याच थांब्यावर पानटपरीशी उभा होता. अंगावर स्वच्छ सदरा होता. पोलिसांनी धरलं तेव्हा त्याने विचारलं, "कोनी नाव सांगितलं?" सांगितल्यावर त्याला ते खरं वाटेना.

आता तीन आठवडे झाले. लाल झालेला दोन पोती कापूस आमच्या मिस्टरांनी शेतात बांधाला पुरला. मोबाइल पोलिसांकडे आहे, गोकुळ अजून कोठडीत. गार्गीने कॉलेजात दुसरंच काहीतरी दिलं, बसस्टँडवर राहिलेल्या एका बॅगेचं. सर म्हणाले, यात भीती वाटत नाही. आल्हादच्या आईचा फोन आला होता, पोरगा झोपेत मोजतो म्हणाल्या.

पंचफुला आणि काजल आमच्या बाहेरच्या खोलीत राहतात. हात गळ्यात आहे, एका बाजूचे केस भादरलेले. परवा गिरणीवरच्या त्याच बाईने दबक्या आवाजात विचारलं, "खरंच नाव घेतलं का व तू, पोलिसासमोर?" पंचफुला म्हणाली, "हाव. तूई घेऊन पाह्य एकदा. जीभ झडत नाही."

माझ्यापुरतं एवढंच, की मी माझे सोमवारचे उपास सोडलेले नाहीत. पण सांज झाली, मागच्या दाराला अडसर लावला, की बोटं त्या लाकडावरच राहतात, आणि मी एक मिनिट बारा सेकंद मोजते. ते फार असतात.

दहावीचा पहिला पेपर चार दिवसांवर आलाय. काजलची पुस्तकं आणि हॉलतिकीट गोजरबाईच्या घरीच आहे, आणि ती द्यायला तयार नाही. मी म्हणाले, मी जाते. पंचफुला म्हणाली, नोको, माही पोरगी हाय. उद्या सकाळी नऊ वाजता ती गोजरबाईच्या घरी काजलची पुस्तकं आणि हॉलतिकीट आणायला जाणार आहे.